लंडनचा पाहुणचार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिस बेक या बाईंचं नाव आज कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण उर्दू कवितेवर जीव असणाऱ्यांनी त्यांचं थोडं ऋण मानायला हरकत नाही. १ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी लंडनमध्ये अतिया फैजी या मुंबईच्या विद्यार्थिनीला जेवायला बोलावलं. केंब्रिजहून एक फार हुशार गृहस्थ खास तुम्हाला भेटायला येत आहेत, असं आमंत्रणात कळवलं होतं. ते गृहस्थ म्हणजे महंमद इक्बाल. तेव्हा ते तिशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. अतियाबाईंनी चाळीस वर्षांनी, १९४७ मध्ये, इक्बालवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ही भेट आहे, आणि त्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालेल्या मैत्रीची पुढची हकीकतही आहे.

अतिया ही तय्यबजी-फैजी घराण्यातली. तिची बहीण नाझली ही आपल्या कोकणातल्या जंजिरा संस्थानची बेगम. शिक्षिकेचं प्रशिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर ती १९०६ मध्ये लंडनला गेली आणि मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाली. प्रकृतीने साथ दिली नाही, वर्षभरात परत यावं लागलं. पण त्या वर्षाची रोजनिशी तिने लिहिली, ती लाहोरच्या बायकांच्या एका उर्दू साप्ताहिकात छापून येत असे. पुढे तिचं ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तक झालं. त्यात अभ्यास आहेच, पण अभ्यासाइतकीच जागा संग्रहालयांना, नाटकांना, चहापानांना आणि कुणी कुणाला घरी बोलावलं याला दिलेली आहे. शंभर वर्षांपूर्वीची एक मुसलमान मुलगी लंडनभर हिंडते आहे आणि लाहोरच्या, दिल्लीच्या बायका घरात बसून ते वाचताहेत! इक्बालनेही पहिल्याच भेटीत तिला सांगितलं की, तुमच्या रोजनिशीची इतकी चर्चा आहे म्हणूनच भेटायची उत्सुकता होती.

आता प्रश्न असा की, मिस बेक यांना हा उद्योग कुणी सांगितला होता? एका हिंदी विद्यार्थ्याची दुसऱ्या हिंदी विद्यार्थिनीशी गाठ घालून देणं हे त्यांचं काय काम? तर तेच त्यांचं काम होतं. त्या नॅशनल इंडियन असोसिएशन या संस्थेच्या मानद सचिव होत्या. हल्ली कुठल्याही मोठ्या शहरातल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं कार्यालय असतं. ते मुलांना बसमधून शहर दाखवतं, स्नेहसंमेलनं भरवतं, आपापल्या देशाचे पदार्थ करून आणायला सांगतं. ही पद्धत आपल्याला नवी वाटते. हिंदी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तरी ती दीडशे वर्षांची जुनी आहे आणि तिचा इतिहास चहा-बिस्किटांइतका साधा नाही.

ही संस्था १८७० मध्ये ब्रिस्टल शहरात मेरी कार्पेंटर यांनी काढली. याच ब्रिस्टलमध्ये १८३३ मध्ये राजा राममोहन रॉय वारले. तरुणपणी मेरीबाईंनी त्यांना पाहिलं होतं, आणि हिंदुस्थानबद्दलची त्यांची ओढ तिथूनची. पुढे वयाची साठी जवळ आल्यावर त्या आगबोटीने इकडे आल्या, चार वेळा आल्या आणि मुलींच्या शाळांसाठी धडपडल्या. त्यांच्यानंतर संस्थेची सूत्रं मिस मॅनिंग यांच्याकडे आली. १८७७ पासून १९०५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं, या बाईंनी एकच काम केलं. लंडनला उतरलेल्या हिंदी मुलाला घरी बोलवायचं, चार इंग्रज कुटुंबांशी त्याची ओळख करून द्यायची, शहर दाखवायची व्यवस्था करायची, कुठल्या परीक्षेला कुठे अर्ज करावा ते सांगायचं. संस्था मासिक काढी, विद्यार्थ्यांसाठी माहितीपुस्तिका छापी आणि वर्षातून काही संध्याकाळी मोठी संमेलनं भरवी. तिथे गाणं-बजावणं होई, चहा-फराळ होई, आणि निवृत्त कलेक्टरसाहेब ज्या मुलांशी हिंदुस्थानात बोलले नसते त्यांच्याशी इथे हसून बोलत.

या मेळाव्यांची गरज किती होती, हे समजायला त्या काळातला लंडनचा रविवार डोळ्यांपुढे आणावा लागतो. दुकानं बंद, नाटकं बंद, बाहेर धुकं. घरमालकीण बाई चर्चला गेलेली. खोलीत शेगडी पेटवायची तर कोळशाचे पैसे वेगळे. वीस वर्षांचा मुलगा, आठवडाभर कुणी त्याला नावाने हाक मारलेली नाही. अशा मुलाच्या हाती कुणा बाईंची ‘रविवारी चहाला या’ अशी चिठ्ठी आली, तर तिचं मोल काय असेल!

गेलेला प्रत्येक जण तिथे रमला असं मात्र नाही. १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला गेलेले मोहनदास गांधी आधी उंची हॅट, व्हायोलिन, नाच असं सगळं करून पाहून थकले. नाचाच्या वर्गाची तीन पौंड फी भरून तीन आठवड्यांत सहाएक धडे घेतले आणि ताल काही जमला नाही, हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलं आहे. मिस मॅनिंग यांच्या घरीही ते जात. तिथे ते कोपऱ्यात गप्प बसून राहत, कुणी विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर देत. बाईंना त्यांचा स्वभाव ठाऊक होता. नारायण हेमचंद्र हा विक्षिप्त आणि मनस्वी गुजराती लेखक गांधींना भेटला तो याच बैठकीत. मेळाव्याचा हेतू इंग्रज आणि हिंदी माणसांची गाठ घालण्याचा, आणि आयुष्यभर आठवावी अशी गाठ पडली ती दोन गुजरात्यांची! इक्बाल-अतियाच्या बाबतीतही तेच झालं.

कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट थोडी वेगळी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या तेव्हा त्यांच्या खर्चासाठी इंग्लंडात वर्गणी जमवण्यात मिस मॅनिंग पुढे होत्या. १८९२ मध्ये कॉर्नेलियाबाईंनी कायद्याची परीक्षा दिली. तिथे ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या बाई. हे आधाराशिवाय झालं नसतं. तेव्हा या संस्थेला नुसतं साम्राज्याचं शोभेचं बाहुलं म्हणून निकालात काढणं मला पटत नाही.

पण दुसरी बाजूही पहिल्यापासून होती. पालकांनी ठरावीक रक्कम भरली तर संस्था मुलावर देखरेख ठेवी, त्याच्या अभ्यासाची, वागणुकीची हकीकत घरी कळवी. ‘देखरेख’ हा आपला शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात काळजीही येते आणि पहाराही येतो. सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं हे दोन अर्थ सुखाने एकत्र नांदले. वंगभंगाच्या साली त्यांचा संसार मोडायला लागला.

१ जुलै १९०५ रोजी लंडनच्या उत्तरेला हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ उघडलं. श्यामजी कृष्णवर्मांनी पैसा घातला, उद्घाटन हाइंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने केलं, समारंभाला वृद्ध दादाभाई नौरोजी हजर होते. वरवर पाहता हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. हिंदी जेवण, वाचनालय, रविवारी व्याख्यान, गप्पा. म्हणजे मिस मॅनिंग जे देत तेच इथेही मिळत होतं, पण बोलावणारा यजमान इंग्रज नव्हता. पुढच्या वर्षी टिळकांच्या शिफारशीवर शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन विनायकराव सावरकर तिथे राहायला आले. १० मे १९०८ रोजी १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन तिथे साजरा झाला. लंडनच्या पोटात राहून लंडनविरुद्धच्या बंडाचा वाढदिवस! साहजिकच रविवारच्या त्या बैठकांत पोलिसांची माणसं श्रोते म्हणून बसू लागली. आपल्यातले काही जण खबऱ्या आहेत हे राहणाऱ्यांनाही कळत होतं. कोण ते मात्र कळत नव्हतं.

त्या सुमाराला इंग्लंड-स्कॉटलंडात मिळून सातशेच्या आसपास हिंदी विद्यार्थी होते, त्यातले निम्म्याहून अधिक लंडनमध्ये. सातशे मुलांनी साम्राज्याची झोप उडवली. १९०७ मध्ये सरकारने त्यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष सर विल्यम ली-वॉर्नर, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. सभासदांत एक होते सर विल्यम कर्झन वायली, भारतमंत्र्यांचे राजकीय सहायक. समितीचा अहवाल सरकारने तेव्हा गुप्त ठेवला. तो पुढे १९२२ मध्ये दुसऱ्या एका अहवालाला जोडून बाहेर आला. मुलांची सोय कशी करावी याबद्दलचा कागद पंधरा वर्षं कुलपात राहतो, यातच त्या सोयीमागची काळजी कसली होती ते दिसतं.

कर्झन वायली हे गृहस्थ स्वभावाने दुष्ट होते असं समजण्याचं कारण नाही. हिंदी विद्यार्थ्यांच्या संमेलनांना ते आवर्जून येत, चौकशी करत, शिफारसपत्रं देत. अमृतसरच्या एका सुखवस्तू डॉक्टरांचा मुलगा, मदनलाल धिंग्रा, लंडनला इंजिनीअरिंग शिकत होता आणि इंडिया हाऊसच्या मंडळींत वावरत होता. त्याच्या भावाने वायलीसाहेबांना पत्र लिहून, आमच्या मुलाला जरा समजवा, अशी विनंती केली. साहेबांनी मदनलालला पत्र पाठवलं. घरच्यांना ती काळजी वाटली, साहेबांना ते कर्तव्य वाटलं. त्या तरुणाला ते कसं वाटलं असेल, त्याची कल्पना आपण करू शकतो.

१ जुलै १९०९. इंडिया हाऊसच्या उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी साउथ केन्सिंग्टनला इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशनचं वार्षिक संमेलन होतं. मुंबईच्या दानशूर पारशी घराण्याचं नाव असलेला जहांगीर हॉल, दिवे, संगीत, साड्या आणि गाऊन. धिंग्रा मिस बेक यांच्या ओळखीचा होता. काही महिन्यांपूर्वी तो त्यांच्या कार्यालयात येऊन गेला होता. त्या संध्याकाळीही बाईंनी त्याची अभ्यासाची चौकशी केली आणि त्याने सभ्यपणे उत्तर दिलं, ऑक्टोबरमध्ये परीक्षा देऊन घरी जाणार म्हणून. हे त्यांनीच नंतर कोर्टात सांगितलं. अकराच्या सुमाराला पाहुणे निघू लागले. लेडी वायली पुढे गेल्या होत्या. सर कर्झन धिंग्राशी बोलायला थांबले आणि त्याने अगदी जवळून त्यांच्या चेहऱ्यावर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉक्टर कावस लालकाका हेही मारले गेले. ते पारशी डॉक्टर, शांघायला व्यवसाय करणारे, लंडनला आलेले. धिंग्रानेच सांगितलं की, त्यांना मारण्याचा आपला इरादा नव्हता. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात धिंग्राला फाशी झाली.

मित्रहो, या घटनेबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. क्रांतिकारकांच्या चरित्रांत ती येते, इंग्रजांच्या आठवणींत ती येते. पण ती विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनात घडली, ही गोष्ट दोन्हीकडे ओझरती येते. माझं लक्ष मात्र तिथेच अडकतं. ज्या घरात मीठ खाल्लं तिथे हात उगारू नये, असं सांगणाऱ्या संस्कारात मी वाढलो. आमच्याकडे मेहमान आणि मेजबान दोघांनाही बंधनं असतात. त्या मापाने पाहिलं तर ती रात्र मला अस्वस्थ करते, आणि लालकाकांसारखा माणूस तर कुणाच्याच इतिहासात न मावता उंबरठ्यावर पडून राहतो. पण धिंग्राने कोर्टात जे निवेदन केलं त्याचा गाभा असा होता की, जर्मनांना जसा इंग्लंड बळकावून बसण्याचा हक्क नाही तसा इंग्रजांना हिंदुस्थान बळकावण्याचा नाही. म्हणजे त्याच्या हिशेबात तो त्या हॉलमध्ये पाहुणा नव्हताच. ज्याने आपलं घर घेतलं आहे तो आपल्याला चहा पाजतो आहे, हा पाहुणचार म्हणायचा की आणखी काही, हा त्याचा प्रश्न होता. त्याने दिलेलं उत्तर मला घेता येत नाही. प्रश्न मात्र टाळता येत नाही.

त्याच वर्षी त्याच लंडनमध्ये आणखी एक मेजवानी झाली. ती मला फार बोलकी वाटते. २४ ऑक्टोबर १९०९, दसरा. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची दाद मागायला गांधीजी तेव्हा लंडनला आले होते. हिंदी तरुणांनी बेजवॉटर भागातल्या निजामुद्दीन यांच्या उपाहारगृहात दसऱ्याचं जेवण ठरवलं आणि त्यांना अध्यक्ष केलं. दुसरे वक्ते सावरकर. धिंग्राच्या फाशीला जेमतेम दोन महिने झालेले, त्यामुळे उघड राजकारण बोलायचं नाही असा करार. मग दोघे रामायणावर बोलले! आणि एकाच रामायणातून दोघांनी आपापलं राजकारण नीट काढून दाखवलं. इथे ना कुणी कलेक्टर होता, ना सचिव बाई. मुलांनी स्वतः मोठ्यांना आमंत्रण दिलं होतं. दसऱ्याचं जेवण एका मुसलमानाच्या उपाहारगृहात व्हावं, याचं तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही, हेही जाता जाता नोंदवतो. पुढच्याच महिन्यात परतीच्या बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं.

सरकारने या सगळ्यातून काय बोध घेतला? त्याने पाहुणचार आपल्या हाती घेतला. १९०९ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सल्लागार म्हणून थॉमस अर्नोल्ड यांना नेमलं. हे नाव कवितेच्या वाचकाला चांगलं ठाऊक असतं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात ते इक्बालचे गुरू. १९०४ मध्ये ते लाहोर सोडून गेले तेव्हा इक्बालने ‘नाला-ए-फिराक’ ही विरहाची कविता लिहिली. अतियाबाईंच्या पुस्तकात १९०७ च्या जूनमधली केंब्रिजची एक सहल आहे. यजमान अर्नोल्ड, नदीचा काठ, आणि जीवन म्हणजे काय, मृत्यू म्हणजे काय यावर वाद. असा हा मृदू, विद्वान माणूस. १९१० पासून त्यांचं कार्यालय, असोसिएशन आणि काही खोल्या असं सगळं क्रॉमवेल रोडवरच्या २१ नंबरच्या घरात आलं. नवा विद्यार्थी आला की तिथे उतरावा, ओळखी व्हाव्यात, सल्ला मिळावा, अशी चांगली योजना. पण मुलांना वाटलं, हे सरकारी टेहळणीचं नाकं आहे. माणूस तोच, चहा तोच. पण १९०७ च्या सहलीत शिष्य त्याच्याजवळ बसून मृत्यूवर बोलत होता आणि १९१० मध्ये विद्यार्थी त्याच्या दारावरून मान खाली घालून जात होते. हा संशय इतका पक्का होता की, १९२१ साली नेमलेल्या लिटन समितीलाही तो जागोजागी ऐकावा लागला.

अटलांटिकपलीकडे ही गोष्ट थोड्या निराळ्या वाटेने गेली. योगायोग असा की साल तेच, १९०९. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स नावाच्या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो मुलगा थबकला. म्हणाला, मी तीन आठवडे या शहरात आहे आणि माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स घरी गेले, बायकोला हे सांगितलं आणि दोघांनी परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी रात्री जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्यातून कॉस्मोपॉलिटन क्लब उभा राहिला, आणि पुढे धाकट्या रॉकफेलरच्या पैशातून १९२४ मध्ये ‘इंटरनॅशनल हाऊस’ ही भव्य इमारत झाली. ही हकीकत सांगताना लोक एक गोष्ट विसरतात. ज्या देशात हे रविवारचं जेवण वाढलं जात होतं, त्या देशात चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ पासून लागू होता आणि तो १९४३ पर्यंत राहिला. विद्यार्थ्याला सवलत होती म्हणून तो पायऱ्यांवर उभा राहू शकला.

१९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. आठवडाभर ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण जमेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबच्या जागेत गेले. तिथे इतर हिंदी विद्यार्थी होते. मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्माचा. सुरुवातीचे काही महिने खेळण्या-हिंडण्यात गेले आणि मग एका रात्री मनाशी हिशेब करून भीमरावांनी अभ्यासाला जुंपून घेतलं, असं चरित्रकार सांगतात. हिंदुस्थानात ज्याला पंगतीत बसता येत नव्हतं तो माणूस इथे सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवत होता. अशा टेबलाची किंमत आपल्यापैकी किती जणांना कळेल?

नंतर १९२० मध्ये तेच आंबेडकर लंडनला गेले तेव्हा मात्र त्यांच्या आयुष्यात चहापानं, सहली दिसत नाहीत. पैसे मोजके होते. सकाळी पावाचा तुकडा, मग दिवसभर ग्रंथालय, रात्री परत वाचन. घरमालकीण कडक, जेवण अपुरं. एका परिचिताने पापडाची चवड दिली होती. रात्री दहाला भूक लागली की पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजून ते खात. धनंजय कीरांनी हे लिहिलं आहे. विद्यार्थ्यांच्या पाहुणचाराचा इतिहास सांगताना जे पार्टीला गेले त्यांच्याच आठवणी हाती लागतात. जे पापड भाजत बसले त्यांची रोजनिशी कुणी छापली नाही. बाबासाहेब पुढे बाबासाहेब झाले म्हणून आपल्याला एवढं तरी ठाऊक.

काळे-गोरे भेदाचं तर विचारूच नका. जाहिरात वाचून खोली बघायला जावं आणि दार उघडणाऱ्या बाईंनी चेहरा बघून ‘खोली गेली’ म्हणावं, हे नित्याचं होतं. लंडनच नव्हे, १९२७ मध्ये एडिंबरासारख्या विद्येच्या शहरात काही उपाहारगृहांनी आणि नाचघरांनी हिंदी विद्यार्थ्यांना दारं बंद केली. तिथल्या विद्यार्थ्यांची संघटना १८८३ पासूनची होती, तिने गवगवा केला. सरकार एका हाताने परिचयमेळावे भरवत होतं आणि शहर दुसऱ्या हाताने दार लावत होतं. अशा वेळी लंडनमध्ये जे खरोखर चाललं ते इंडियन वायएमसीएचं विद्यार्थिगृह. के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने, हिंदुस्थानातल्याच वायएमसीएने १९२० च्या सुमारास ते सुरू केलं. आधी महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेल्या लाकडी बरॅकीत, मग गॉवर स्ट्रीटवर, आणि १९५० च्या दशकापासून फिट्झरॉय स्क्वेअरला स्वतःच्या इमारतीत. चालवणारे आपले लोक, ताटात डाळ-भात, व्याख्यानाला वाटेल त्या मताचा वक्ता. डाळ-भाताचा महिमा मी वेगळा सांगायला नको. क्रॉमवेल रोडच्या सल्लागारांना जे जमलं नाही ते इथल्या वाढप्यांनी करून दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर यजमान होण्याची पाळी आपल्यावर आली. १९५० मध्ये मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. परदेशी मुलांना शिष्यवृत्त्या देणं, त्यांना देश दाखवणं, त्यांचे मेळावे भरवणं, ही कामं तिच्याकडे आली. ११ नोव्हेंबर हा मौलानांचा जन्मदिवस परिषद परदेशी विद्यार्थ्यांचा दिवस म्हणून साजरा करते. आशिया-आफ्रिकेतली हजारो मुलं आजवर पुण्यात शिकून गेली. इराणी, येमेनी, सुदानी, केनियाची, अफगाण. आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, गणपती दाखवतो, वर्षातून एकदा त्यांच्या देशाचा पोशाख घालून मंचावर यायला सांगतो आणि टाळ्या वाजवतो. आणि इथे उतरल्यावर, बहुधा पहिल्याच पंधरवड्यात, त्यांना परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे आपली नोंदणी करावी लागते. खोली देणाऱ्यालाही कळवावं लागतं. कायदा आहे, बहुतेक सगळ्या देशांत आहे. तक्रार म्हणून सांगत नाही. पण लंडनच्या मुलांनी क्रॉमवेल रोडबद्दल जे म्हटलं होतं ते इथल्या मुलांच्या बोलण्यात मी ऐकलं आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात मला कविता वाचायला बोलावलं होतं. कार्यक्रम छान झाला. नंतर चहा घेताना एक येमेनी मुलगा मोडक्या हिंदीत म्हणाला, सर, तुमच्या शहरात सगळे आमचे फोटो काढतात, खोली मात्र कुणी देत नाही. मी म्हटलं, बेटा, नाव सांगितल्यावर खोली न मिळणं मलाही नवं नाही. तो हसला. मग त्याने मला त्यांच्या खोलीवर जेवायला बोलावलं. कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर चौघे जण राहत होते. जमिनीवर प्लास्टिकचा दस्तरखान अंथरला, मधोमध भाताचं एकच मोठं ताट, त्यावर मटण, आणि सगळ्यांनी त्यातूनच खायचं. मला भिंतीला टेकून बसायला उशी दिली आणि मटणाचे चांगले तुकडे वेचून वेचून माझ्यापुढे सरकवले. मी निघालो तेव्हा चौघेही चपला घालून खाली रिक्षापर्यंत पोचवायला आले.